‘घरी न्या, सेवा करा’

कॅन्सरच्या ओपीडीत एक वाक्य वर्षानुवर्षं बोललं जातं : “आता इथं ठेवून काही उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.” बोलणाऱ्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. बाहेर बाकांवर शंभरेक माणसं बसलेली असतात, त्यांतली काही बरी होण्याजोगी असतात आणि खाटा मोजक्याच. नातेवाईक मान डोलावतात, फाईल पिशवीत घालतात, स्टेशन गाठतात आणि जळगावची, सोलापूरची, रत्नागिरीची गाडी पकडतात. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या घटकेला कुणाला विचारायचं सुचत नाही, आणि सांगायलाही कुणी थांबलेलं नसतं.

प्रश्न पडतो तो घरी, रात्री दोन वाजता. जबड्याच्या कॅन्सरचा माणूस भिंतीला टेकून बसलेला असतो, कारण आडवं झालं की ठणका वाढतो. गालाच्या जखमेला वास येतो म्हणून त्याचं अंथरूण पडवीत हलवलेलं असतं. आठ दिवस पोट साफ झालेलं नसतं. सून अधूनमधून “दोन घास तरी खा” म्हणते आणि ते दोन घास उलटून पडतात. घरातली सगळी माणसं त्याला सांगत असतात की जरा अशक्तपणा आहे, होईल बरं. तो काही बोलत नाही.

ठणका, वास, कोठा, उलटी. या चारही गोष्टींवर उपाय आहेत. ते महाग नाहीत, नवे नाहीत, आणि एखाद्या सातवी शिकलेल्या सुनेलाही आठवडाभरात शिकवता येतात. म्हणजे ‘काही करण्यासारखं राहिलं नाही’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे. आजार बरा करण्यासारखं राहिलेलं नसतं, माणसासाठी करण्यासारखं मात्र पुष्कळ असतं. ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण पोचवणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटनं 2010 साली 40 देशांतली मरणाची प्रत तपासली होती, म्हणजे शेवटच्या आजारात माणसाला किती आणि कशी देखभाल मिळते ते. भारत चाळिसावा आला. 2015 साली 80 देशांची तशीच यादी निघाली, त्यात आपण 67वे. दोन्ही वेळा पहिला नंबर ब्रिटनचा.

ब्रिटनचा नंबर लागण्यामागे एक बाई आहे. सिसिली साँडर्स आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्यामुळं ते काम सुटलं म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली, आणि मरणाऱ्या माणसांसाठी काही करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं हे पटल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरही झाली. लंडनमध्ये तिनं 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांच्या देखभालीचं घर, सुरू केलं. तिच्या कामाचा गाभा दोन गोष्टींत होता. पहिली, वेदनेचं औषध दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, घड्याळ लावून दुखण्याच्या आधी द्यायचं. दुसरी, वेदना नुसती शरीराची नसते. मुलीचं लग्न राहिलेलं असतं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, भावाशी वीस वर्षं बोलणं नसतं, यंदाची वारी चुकलेली असते. हेही दुखतं, आणि गोळी घेऊनही ठणका थांबत नसेल तर यातलं काय ठसठसतंय ते विचारावं लागतं. (ही उदाहरणं माझी. तिनं ती लंडनच्या भाषेत मांडली.)

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत निघालं. वांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चजवळ, समुद्राकडं तोंड करून शांती अवेदना सदन उभं आहे. टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. लुइस जोझे डिसोझा यांनी ते 1986 मध्ये सुरू केलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं तिथं राहतात, जात-धर्म विचारला जात नाही आणि बिल येत नाही. पुढं गोव्यात लोटली आणि दिल्ली इथंही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 पासून चालतं, तेही विनामूल्य. वारज्याची मला पटलेली गोष्ट म्हणजे तिथं रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं. जखम कशी धुवायची, नळीतून अन्न कसं भरायचं, कूस कशी बदलायची हे ते माणूस तिथं हातानं करत शिकतं, मग दोघं घरी जातात. नागपुरात स्नेहांचल आहे. मुंबईत महालक्ष्मीला सुकून निलय आहे, आणि कॅन्सरच्या रुग्णांना घरी जाऊन पाहणारी पालकेअरसारखी पथकं आहेत. मोजायला बसलं तर यादी लवकर संपते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसानं यातलं कुठलं दार ठोठावायचं?

*

सगळ्यात आधी मॉर्फिन, कारण वेदना थांबल्याखेरीज बाकीच्या गप्पा पोकळ आहेत.

मॉर्फिन अफूपासून बनतं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला आणि राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगडला सरकारी परवान्यानं अफू पिकते. ती नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. जगाला औषधासाठी अफू पुरवणारा आपला देश. आणि याच देशात 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, आला तेव्हा वर्षाला सातशे किलोच्या वर असलेला मॉर्फिनचा औषधी वापर 1997 पर्यंत 18 किलोवर घसरला. कायद्यानं औषधावर बंदी घातली नव्हती. पण एका डब्यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने लागत, ते वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवावे लागत, दुसरा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपे, आणि हिशेबात चूक निघाली तर दहा वर्षांच्या तुरुंगवासाची भीती. रुग्णालयांनी सरळ औषध ठेवणंच सोडून दिलं. यात खरी हानी नंतर झाली. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडली. जे कधी लिहिलंच नाही त्याची भीती वाटणारच.

केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी या कायद्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली. कालिकतला 1993 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह वेदनाशमनाचं काम सुरू केलं, 2003 मध्ये पॅलियम इंडिया ही संस्था काढली, सरकारदरबारी आणि सर्वोच्च न्यायालयात खेटे घातले. अखेर 2014 साली संसदेनं कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसारखी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ गटात गेली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकानं एकदा मान्यता दिली की रुग्णालयाला ती ठेवता येऊ लागली. कागदावरचा अडसर गेला. पण मान्यता मागायला तरी कुणी जावं लागतं! ज्या रुग्णालयात हे औषध लिहिणारा डॉक्टरच नाही, तिथं अर्ज करणार कोण? जिल्ह्याच्या गावी मेडिकलच्या दुकानात मॉर्फिनची चिठ्ठी दाखवून बघा. दुकानदार आधी चिठ्ठीकडं आणि मग तुमच्याकडं बघेल.

गोळी साधी आहे, किमतीला किरकोळ आहे. ती दर चार तासांनी द्यायची असते, झोपमोड नको म्हणून रात्रीचा डोस बहुधा दुप्पट करतात. किती द्यायची हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं, कमीतून सुरू करून वाढवत जातात, आणि वेदना वाढली तर डोस वाढतो. पहिले काही दिवस मळमळतं, झापड येते, ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून या विषयातला जुना दंडक असा की ज्या हातानं मॉर्फिन लिहायचं त्याच हातानं जुलाबाचं औषधही लिहायचं. हे दुसरं औषध राहून गेल्यानं कितीतरी घरांत पहिलं औषध बंद पडतं. “त्या गोळीनं बाबांचं पोट फुगलं” म्हणून.

नातेवाइकांची भीती वेगळीच असते. सवय लागेल, नशेची गोळी आहे, एवढ्यात दिली तर शेवटी काय देणार. देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं दुर्मीळ आहे. पुढच्यासाठी राखून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण डोसाला ठरीव कमाल मर्यादा नसते. आणि ज्याच्या हातात काही महिने आहेत त्याला सवय लागण्याची चिंता निरोगी माणसांनी करावी, यातला विनोद मला तरी कडू वाटतो. मॉर्फिननं मरण लवकर येतं हा आणखी एक समज. नीट मोजून दिलं तर ते श्वासाची धापही कमी करतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये थोड्या डोसानं, उशाशी उशा लावून अर्धवट बसवल्यानं आणि तोंडावर टेबल फॅनचा वारा घेतल्यानं घुसमट जितकी निवळते, तितकी पुष्कळदा ऑक्सिजनच्या सिलिंडरनंही निवळत नाही.

*

औषध चिठ्ठीवर लिहिता येतं. बाकीचं हातानं करावं लागतं. हातांनी काय साधतं याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला परळच्या केईएम रुग्णालयात घडला. अरुणा शानबाग या तिथल्या नर्सवर 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि त्या 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून जास्त काळ, तिथंच एका खोलीत होत्या. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली निकाल दिला तेव्हा न्यायमूर्तींनी केईएमच्या परिचारिकांना मनापासून दाद दिली. इतकी वर्षं अंथरुणात पडून असलेल्या त्या बाईंच्या अंगावर बेडसोअर नव्हता. बदल्या झाल्या, निवृत्त्या झाल्या, नव्या मुली आल्या, पण कूस बदलण्याचा नेम चुकला नाही. त्या निकालाची चर्चा आपण दयामरणाच्या अंगानं खूप केली. त्या न झालेल्या जखमेची चर्चा कमी झाली. मला ती जास्त मोलाची वाटते.

दर दोन तासांनी कूस. माकडहाड, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघायची. चादरीची सुरकुती मोडायची. लालसर डाग दिसला की त्याला चोळायचं नाही, त्यावरचा भार काढायचा. एअर बेड मिळाला तर उत्तम, पण एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको, ही समजूत खोटी. कितीतरी घरांत भाड्याचा एअर बेड घरघरत असतो आणि त्यावर माणूस सकाळपासून एकाच कुशीवर असतो.

घरभेटीला जाणाऱ्या एका पथकाबरोबर मी उपनगरातल्या एका बैठ्या चाळीत गेलो होतो. साठीच्या आजी, छातीच्या कॅन्सरची उघडी जखम. मुलगा रिक्षा चालवतो. एकाच खोलीत मध्ये जुन्या साडीचा पडदा बांधलेला. वास दारातूनच येत होता आणि तो येत नसल्याचं सगळेजण दाखवत होते. आजी सगळ्यांत जास्त. त्यांनी आल्या आल्या उदबत्ती लावायला सांगितली. नर्सनं घाई केली नाही. आधी “आजी, चहा झाला का?”, मग “रात्री झोप लागली का?”, मग हात धुऊन, कोमट मिठाच्या पाण्यानं पट्टी भिजवत भिजवत अलगद सोडवली, म्हणजे ती ओढताना रक्त येत नाही. जखम धुतली. मग आमांशावर आणि जुलाबांवर आपण ज्या घेतो त्याच मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर पसरली. वास ज्या जंतूंमुळं येतो ते या पुडीनं मरतात. सुनेला समोर बसवून तिच्याकडूनच पट्टी बांधून घेतली. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, कशी काढायची तेही सांगितलं. ब्लाउज पाठीमागून उसवून नाड्या लावायची युक्ती दिली, म्हणजे हात वर न करता घालता येतो.

“तीन-चार दिवसांत वास उतरतो,” नर्स बाहेर आल्यावर म्हणाली. “मग शेजारीण येऊन बसते. पेशंटला खरी गरज तिचीच असते.”

प्रतिष्ठा हा शब्द परिसंवादात फार मोठा होतो. चाळीत त्याचा अर्थ शेजारणीनं नाकाला पदर न लावता पाच मिनिटं बसणं इतका असतो. पुरुषांची दाढी, बायकांची वेणी, स्वच्छ लुगडं, डायपर बदलताना ओढलेला पडदा, अंगावर पांघरूण ठेवून घातलेली अंघोळ. तोंडाची निगा तर सगळ्यांनी सोडून दिलेली असते. सोड्याच्या पाण्यानं चुळा, मऊ कापडानं जीभ पुसणं, ओठांना तूप किंवा खोबरेल. कोरड्या, पांढऱ्या बुरशी आलेल्या तोंडानं माणूस बोलणार कसा? तंबाखू-मिश्रीनं तोंडाचे कॅन्सर एवढे वाढवलेल्या राज्यात हे शिक्षण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवं.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी आयुष्यभर रुग्णाच्या प्रतिष्ठेचाच अभ्यास केला. रुग्णाला एक प्रश्न विचारत जा, असं ते डॉक्टरांना सुचवतात : तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल आम्हाला काय ठाऊक असायला हवं? उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लावायचं. ‘खाट क्रमांक 12, अन्ननलिका’ याऐवजी तिथं लिहिलेलं असेल की हे शाळेत पी.टी. शिकवायचे, यांना ‘सर’ म्हटलेलं आवडतं. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तरी आपल्याकडं ते होत नाही, कारण राउंडला वेळ नसतो. हे कारण मला अर्धंच पटतं. पन्नाशीच्या माणसाला अरेतुरे करायलाही तेवढाच वेळ लागतो.

*

“आईला सांगू नका हं.” रिपोर्ट हातात घेऊन मुलगा डॉक्टरांच्या केबिनमध्ये एकटा शिरतो तो हे म्हणायलाच. त्यामागं माया असते, तिला खोटी म्हणू नये. पण दिवसेंदिवस खंगत चाललेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे कळत नसेल, असं समजणं म्हणजे तिला दुधखुळी ठरवणं. ती मुलाला दुःख नको म्हणून गप्प, मुलगा तिला धक्का नको म्हणून गप्प, आणि दोघं एकाच खोलीत एकमेकांपासून लपून राहतात. या क्षेत्रातली अनुभवी मंडळी इथं घाई करत नाहीत. ती सत्य तोंडावर फेकत नाहीत, रुग्णालाच विचारतात : तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? आणखी जाणून घ्यायचंय का, की मुलाशीच बोलू? पुष्कळ वेळा उत्तर येतं, मला माहीत आहे, फक्त पोरांना सांगू नका. मग बँकेतलं नॉमिनेशन, बहिणीला द्यायच्या पाटल्या, माहेरच्या गावी एकदा जाऊन येणं, असल्या गोष्टींना वाट मिळते. काहींना खरंच काही जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्कच.

जेवणाचं प्रकरण याहून अवघड. ‘उपाशी गेला’ हा ठपका मराठी घराला सोसत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यातही चमच्यानं पेज कोंबली जाते, नाहीतर सलाइन लावा म्हणून डॉक्टरची मनधरणी होते. त्या टप्प्यावर भूक मरते ती शरीर आवरतं घेत असतं म्हणून. तेव्हा ओतलेलं पाणी पायाला सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं. चार थेंब, बर्फाचा तुकडा, आवडीच्या आमटीचं नुसतं बोट हे पुरतं. गंगाजल आणि तुळशीपत्राला कुणाची ना नाही. फक्त चमच्यानं घशात ओतू नये, ओठ ओले करावेत.

शेवटचे काही तास कसे असतात हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर फार मोठा फरक पडतो. श्वासात खंड पडतो, घशात घरघर होते, हातपाय गार पडतात. ती घरघर ऐकणाऱ्याला जितकी भीषण वाटते तितकी त्या माणसाला जाणवत नसावी, असं डॉक्टर मानतात. कुशीवर वळवलं की ती कमी होते, औषधही आहे. हे माहीत नसलेलं घर त्या घटकेला घाबरून 108 ला फोन लावतं, आणि घरी मरण मागितलेला माणूस कॅज्युअल्टीत, छातीवर दाब देणाऱ्या अनोळखी हातांखाली जातो. आणखी एक व्यवहारी अडचण कुणी बोलत नाही. घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? त्याला फॉर्म 4ए लागतो, आणि महिनाभर रुग्णाला न पाहिलेला डॉक्टर पहाटे चार वाजता त्यावर सही करायला कचरतो. घरभेटीचं पथक किंवा ओळखीचा फॅमिली डॉक्टर जोडून ठेवला असेल तर ही फरफट टळते.

या सगळ्यात राबणारं माणूस बहुतेक घरांत सून, बायको किंवा लग्न न झालेली मुलगी असते. ब्युरोची मावशी बारा तासांची परवडत नाही. बहुतेक आरोग्य विमे रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज पैसे देत नाहीत, म्हणजे आयसीयूचे लाख निघतील, घरच्या नर्सचे हजार निघणार नाहीत. रोगी गेला की भेटायला येणारे तिला विचारतात, शेवटी काही बोलले का? तिला गेले चार महिने सलग झोप मिळाली का, हे विचारत नाहीत.

*

हॉस्पिस म्हटलं की लोक मागं सरतात, ‘तिथं टाकलं’ म्हणतात. ही देखभाल शेवटच्या आठवड्यासाठीच असते, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला निदानापासूनच वेदनाशमनाची देखभाल. दुसऱ्या गटाचं मन जास्त शांत राहिलं, शेवटी शेवटी केमोथेरपीचा मारा कमी झाला, आणि ते जगलेही जास्त : 8.9 महिन्यांच्या जागी 11.6 महिने. म्हणजे ‘उपचार की देखभाल’ असा निवाडा करायची गरजच नाही.

नको ते उपचार नाकारण्याचा हक्कही आता कायद्यात आहे. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध थांबवलं आणि दिवाळीच्या दिवशी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यापाशी विनोबा असल्याचं बळ होतं. सामान्य माणसाला कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 च्या निकालात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडं जावं लागे, ती अट जानेवारी 2023 मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपण बोलू शकलो नाही तर कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहायची आणि एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं द्यायची. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी 2024 मध्ये गोव्यात स्वतःचं इच्छापत्र जाहीरपणे नोंदवलं. न्यायमूर्तींनी स्वतःपासून सुरुवात केली, हे बरं झालं.

कायदा झाला, औषध सुटलं. मग अडलं कुठं? केरळकडं पाहिलं की कळतं. मलप्पुरम जिल्ह्यात शाळामास्तर, गृहिणी, रिक्षावाले आठवड्याचे काही तास द्यायला पुढं आले, गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खबर तेच ठेवू लागले, डॉक्टर-नर्स त्यांच्या मागून गेले. सरकारनं 2008 मध्ये या देखभालीचं धोरण केलं आणि घरभेटीची नर्स पंचायतीच्या कामात आणली. महाराष्ट्रानंही 2012 मध्ये धोरण केलं, केरळच्या पाठोपाठ. आपल्याकडं ते फायलीतून उठून वस्तीवर फारसं गेलं नाही. ज्या राज्यात गावोगाव हरिनाम सप्ताहाला शेकडो माणसं वर्गणी काढून, पंगती वाढून राबतात, गणपती मंडळं दहा दिवस जागतात, तिथं माणसं मिळत नाहीत हे कारण चालणार नाही. मागणी झाली नाही, हे खरं कारण. आपण पुलासाठी, पाण्यासाठी आमदाराला घेराव घातला, मॉर्फिनच्या गोळीसाठी कधी घातला नाही. मरणारा माणूस मोर्चा काढत नाही, आणि तो गेल्यावर घरचे तो विषय मिटवून टाकतात.

म्हणून वाचकांकडं एक मागणं आहे. आपल्या जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज टाका. तीन प्रश्न पुरेत : आपल्या जिल्हा रुग्णालयाला मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का? गेल्या वर्षी तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या किती गोळ्या रुग्णांना दिल्या? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणारी प्रशिक्षित नर्स आहे का, आणि असल्यास तिचा फोन नंबर काय? अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.